ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस मोजणारे तयार किट : ग्रामीण प्रयोगशाळेच्या नजरेतून एक परीक्षण

भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांतील मालगुजारी तलाव, ज्यांना इकडे सगळेच मामा तलाव म्हणतात, हे आमच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाचे कामाचे क्षेत्र आहे. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बांधलेल्या आणि सांभाळलेल्या या तलावांच्या भोवती धानाच्या बांध्या आहेत, आणि धानावर फवारलेली औषधे पावसाच्या पाण्यासोबत तलावांत उतरतात. त्या पाण्यात वाढणाऱ्या रोहू, कतला आणि मरळ या माशांच्या यकृतावर आणि कल्ल्यांवर काय परिणाम होतो, हे तपासण्यासाठी पेशींमधला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, म्हणजे ऑक्सिडीकरणाचा ताण, मोजावा लागतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकऱ्यांचे बळी गेले, तेव्हापासून हा विषय आमच्या विद्यार्थ्यांना केवळ परीक्षेपुरता राहिलेला नाही. याच कामासाठी आम्ही चार मार्करांचे, म्हणजे हा ताण दाखवणाऱ्या चार पदार्थांचे, एक तयार किट मागवले, आणि ते मागवताना जी माहिती आम्हाला कुठेच मराठीत मिळाली नाही ती इथे मांडत आहे.

कंपनीचे नाव देत नाही, कारण पुढे नोंदवलेले बहुतेक गुणदोष एका कंपनीचे नसून या प्रकारच्या किटचे आहेत, आणि बाजारातील इतर किटांची माहितीपत्रके वाचली तर रचना जवळजवळ तीच दिसते. निष्कर्ष मात्र आधीच सांगून टाकतो: ज्या प्रयोगशाळेत उणे ८० अंशांचा फ्रीझर नाही, प्लेट रीडर (अनेक नमुन्यांचा रंग एकदम वाचणारे यंत्र) नाही आणि वीज भरवशाची नाही, तिने या चार भागांपैकी फक्त सुपरऑक्साइड डिस्म्युटेझ या विकराचा (एंझाइमचा) भाग विकत घ्यावा आणि बाकीचे तीन मार्कर जुन्या, प्रसिद्ध पद्धतींनी स्वतः रसायने बनवून मोजावेत. पैशांची बचत हे त्याचे एक कारण आहे, पण मुख्य कारण ते नाही.

किटमध्ये चार स्वतंत्र खोकी येतात. पहिल्यात मॅलॉनडायअल्डिहाइड म्हणजे एमडीए, दुसऱ्यात एकूण ग्लुटाथायॉन, तिसऱ्यात सुपरऑक्साइड डिस्म्युटेझ म्हणजे एसओडी आणि चौथ्यात कॅटलेझ मोजण्याचे साहित्य असते. प्रत्येक खोके ९६ विहिरींच्या, म्हणजे छोट्या खळग्यांच्या, प्लेटसाठी आखलेले आहे. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस ही कल्पना १९८५ मध्ये हेल्मुट सीस यांनी मांडली. पेशीत तयार होणारे ऑक्सिडीकारक घटक आणि त्यांना आवरणारी संरक्षण व्यवस्था यांचा तोल बिघडणे असा तिचा अर्थ आहे. हा तोल एका आकड्यात पकडता येत नाही. एमडीए हे मेदाम्लांच्या झालेल्या नुकसानीचे चिन्ह आहे, ग्लुटाथायॉन ही पेशीच्या संरक्षणाची शिल्लक आहे, आणि एसओडी व कॅटलेझ ही राखण करणारी विकरे आहेत. म्हणून चारही एकत्र देण्याची कंपनीची कल्पना योग्यच आहे, आणि संशोधनाला नव्याने सुरुवात करणाऱ्या विद्यार्थ्याला असा एकत्रित आराखडा हातात मिळणे उपयोगाचे आहे.

पार्सल नागपूरहून कुरिअरने आले. थर्माकोलचा डबा चांगला जाड होता, झाकणाला पट्टी नीट लावलेली होती, आणि कुपींवर बॅच क्रमांक व मुदतीची तारीख ठळक छापलेली होती. परंतु आत ठेवलेल्या जेलच्या पिशव्या पूर्ण वितळून हाताला कोमट लागत होत्या, कारण तालुक्याच्या कुरिअर कार्यालयात ते पार्सल सुटीच्या दिवशी उन्हाळ्याच्या खोलीत तसेच पडून राहिले होते. मे महिन्यात पूर्व विदर्भात पारा ४५ अंशांवर जातो, आणि बंद खोलीत त्याहून कमी असण्याचे काही कारण नाही. किटच्या डब्यात तापमान नोंदवणारी साधी चिकटपट्टीसुद्धा नव्हती. उष्णता साचत गेली की रंग बदलणाऱ्या पट्ट्या लसींच्या कुपींवर कित्येक वर्षांपासून आरोग्य उपकेंद्रापर्यंत पोहोचत आहेत, मग इतक्या महागड्या मालाला त्या का लावल्या जात नाहीत हे समजत नाही. याचा फटका नेमका ग्लुटाथायॉनच्या भागाला बसला, त्याविषयी पुढे लिहितो.

परीक्षणासाठी आम्ही माशांचे मौल्यवान नमुने वापरले नाहीत. बाजाराच्या दिवशी बकरा कापल्याबरोबर यकृत आणि मूत्रपिंड बर्फात घालून आणले आणि एकाच यकृताचे तुकडे किटने व जुन्या पद्धतीने शेजारी शेजारी तपासले. प्रत्येक मार्करासाठी दोन प्रश्न विचारले. पहिला, होमोजिनेट, म्हणजे द्रावणात कुटलेले ऊतक, निम्मे पातळ केले तर उत्तर निम्मे येते का? दुसरा, त्यात ओळखीच्या प्रमाणात स्टँडर्ड (मोजायचा तोच शुद्ध पदार्थ) मिसळले तर तेवढेच परत मोजले जाते का? कोणतेही किट विकत घेणाऱ्याने या दोन चाचण्या पहिल्याच दिवशी कराव्यात असे मला मनापासून वाटते, कारण माहितीपत्रकातील गुळगुळीत आलेख हा शुद्ध स्टँडर्डचा असतो. यकृतात रक्त, मेद, साखर आणि प्रथिने सगळे असते.

एमडीएच्या भागाविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आपल्याकडील लघुशोधप्रबंधांत सर्वाधिक मोजला जाणारा मार्कर हाच आहे आणि सर्वाधिक गोंधळही याच मोजणीत होतो. एमडीएचा एक रेणू थायोबार्बिट्युरिक आम्लाच्या दोन रेणूंशी आम्लयुक्त माध्यमात, उष्णतेवर जोडला जातो आणि गुलाबी रंग तयार होतो. तो ५३२ नॅनोमीटरवर वाचायचा. ओकावा, ओहिशी आणि यागी यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत १० टक्के होमोजिनेटचे ०.२ मिलिलिटर, ८.१ टक्के एसडीएस या डिटर्जंटचे ०.२ मिलिलिटर, पीएच ३.५ ला आणलेल्या २० टक्के अ‍ॅसेटिक आम्लाचे १.५ मिलिलिटर आणि ०.८ टक्के थायोबार्बिट्युरिक आम्लाचे १.५ मिलिलिटर घेऊन पाण्याने ४ मिलिलिटर करतात, ९५ अंशांवर ६० मिनिटे तापवतात आणि नंतर रंग ब्युटेनॉल व पिरिडिनच्या १५:१ मिश्रणात ओढून घेतात. किटमध्ये हेच तत्त्व लहान आकारमानात बसवले आहे आणि त्यात नवे असे काही नाही. किटच्या बाजूने सांगायचे तर त्यात बीएचटी हे प्रतिऑक्सिडीकारक आधीच घातलेले आहे, जे तापवताना नव्याने होणारे ऑक्सिडीकरण रोखते. हाताने रसायने बनवणारे अनेक जण ते घालायचे विसरतात आणि मग जो एमडीए यकृतात नव्हताच तो परीक्षानळीत तयार होतो.

पातळ करण्याच्या चाचणीत किटचा हा भाग व्यवस्थित उतरला. मिसळलेले स्टँडर्डही बऱ्यापैकी परत मिळाले. एमडीए स्वतः टिकाऊ नसल्याने स्टँडर्ड म्हणून १,१,३,३-टेट्रामेथॉक्सिप्रोपेन वापरतात, जे आम्लात एमडीए मोकळे करते. किटमधील कुपीत तेच होते आणि हेच रसायन सुटे विकत मिळते. अडचण आली ती बफरची, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाची. किटमध्ये ऊतक कुटण्यासाठी दिलेल्या बफरच्या बाटलीवर केवळ एक क्रमांक आहे, त्यात काय आहे हे कुठेही लिहिलेले नाही. आमच्याकडे विद्यार्थी मायटोकाँड्रिया वेगळे करण्यासाठी सुक्रोज घातलेल्या बफरमध्ये यकृत कुटतात, आणि सुक्रोज थायोबार्बिट्युरिक आम्लासोबत स्वतःच रंग देते. सियालिक आम्ल, बिलिरुबिन आणि हिमोग्लोबिनही या मोजणीत ढवळाढवळ करतात. किटचा बफर वापरला तर त्याच होमोजिनेटमधून मायटोकाँड्रिया काढता येत नाहीत, आणि आपला बफर वापरला तर तो किटच्या रसायनांशी जुळतो की नाही हे कळायला मार्ग नाही. घटकांची यादी न देणे ही या उत्पादनाची सर्वांत मोठी उणीव आहे असे माझे ठाम मत आहे. संशोधनाच्या साहित्यात झाकून ठेवण्यासारखे असे काही नसावे.

याच भागाविषयी आणखी एक गोष्ट. किटच्या वेष्टनावर ‘एमडीए’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले आहे, परंतु ही पद्धत मोजते ते थायोबार्बिट्युरिक आम्लाशी रंग देणारे सगळे पदार्थ. प्रबंधात तसेच लिहावे, ‘एमडीए’ असे नुसते लिहू नये. २०२२ मध्ये या क्षेत्रातील अनेक संशोधकांनी मिळून नेचर मेटाबॉलिझम या नियतकालिकात मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या, त्यांतही नेमका कोणता रासायनिक पदार्थ मोजला गेला हे स्पष्ट सांगण्यावर भर आहे. अधिक खात्रीचा मार्कर म्हणजे एफ२-आयसोप्रोस्टेन, पण त्याला मास स्पेक्ट्रोमीटर लागतो आणि तो मोठ्या संस्थांतच असतो. तालुक्याच्या महाविद्यालयाने आपल्या मोजणीची मर्यादा प्रामाणिकपणे लिहून जुन्या पद्धतीने काम केले तर त्यात काहीच कमीपणा नाही.

हिशेबाचे एक उदाहरण देतो, कारण किटचे तयार सूत्र वापरणाऱ्या विद्यार्थ्याला ते कुठून आले हे सांगता येत नाही. या गुलाबी संयुगाचा मोलर शोषण गुणांक १.५६ × १०⁵ इतका धरतात. म्हणजे १ सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये (नमुना धरणाऱ्या चौकोनी नळीत) रीडिंग ०.१५६ आले, तर द्रावणात १ मायक्रोमोलर संयुग आहे. रंग ५ मिलिलिटर ब्युटेनॉल-पिरिडिन मिश्रणात ओढलेला असेल, तर त्यात ५ नॅनोमोल झाले; आणि होमोजिनेटच्या ०.२ मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम ऊतक होते, म्हणून उत्तर दर ग्रॅमला २५० नॅनोमोल. हा हिशेब फळ्यावर एकदा करून घेतला की विद्यार्थ्याच्या मनातील भीती जाते. किटचे सूत्र प्लेटच्या विहिरीतील द्रवाच्या उंचीवर बेतलेले असते, ते क्युव्हेटच्या रीडिंगला जसेच्या तसे लावले तर उत्तर चुकते; माहितीपत्रकात याचा इशारा बारीक अक्षरांत, शेवटच्या पानावर आहे.

पिरिडिनचा उग्र वास आणि विषारीपणा पाहता जिथे धूर ओढणारे कपाट नाही तिथे ओकावांची पद्धत वापरू नये. बुगे आणि ऑस्ट यांची १९७८ ची पद्धत अशा ठिकाणी बरी: १५ टक्के ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक आम्ल, ०.३७५ टक्के थायोबार्बिट्युरिक आम्ल आणि ०.२५ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल यांचे एकच द्रावण, उकळत्या पाण्यात १५ मिनिटे, मग सेंट्रिफ्यूज करून ५३५ नॅनोमीटरवर वाचन. वेळ कमी असल्याचा आमच्याकडे वेगळाच फायदा आहे. किटच्या ६० मिनिटांच्या तापवण्यात मध्येच आमच्या प्रयोगशाळा परिचरांचा आवाज आला, ‘लाइन गेली जी सर,’ आणि वॉटर बाथचे तापमान हळूहळू उतरत गेले. १५ मिनिटांचे काम गॅसच्या शेगडीवर पातेल्यात उकळते पाणी ठेवूनही नीट होते, फक्त स्टँडर्ड, ब्लँक (नमुना न घातलेले द्रावण) आणि नमुने एकाच पातेल्यात एकाच वेळी असले पाहिजेत.

ग्लुटाथायॉनचा भाग आमच्यासाठी पूर्ण निकामी ठरला. या किटमध्ये टीत्झे यांनी १९६९ मध्ये मांडलेली पुनश्चक्रण पद्धत वापरली आहे: ग्लुटाथायॉन डीटीएनबी या रसायनाशी क्रिया करून पिवळा रंग देते, ग्लुटाथायॉन रिडक्टेझ हे विकर एनएडीपीएच या सहविकराच्या साहाय्याने ते पुन्हा मूळ रूपात आणते, आणि रंग वाढण्याचा वेग ४१२ नॅनोमीटरवर मोजतात. पद्धत अतिशय संवेदनशील आहे आणि शीतसाखळी सांभाळली तर उत्कृष्ट आहे. आमच्या कोमट पार्सलमधून निघालेल्या कुप्यांनी मात्र स्टँडर्डची रेषा उठूच दिली नाही. सर्वांत जास्त प्रमाणाच्या स्टँडर्डचा वेगही ब्लँकच्या थोडासाच वर होता. विकर गेले की एनएडीपीएच गेले, हे वेगळे तपासायला सुटी कुपी मिळत नाही, पूर्ण खोकेच घ्यावे लागते.

त्याऐवजी एलमन यांची १९५९ ची साधी पद्धत आम्ही वापरली. यात विकर नाही, एनएडीपीएच नाही. प्रथिने आम्लाने खाली बसवायची, वरचा निवळ द्रव पीएच ८ च्या फॉस्फेट बफरमध्ये डीटीएनबीसोबत मिसळायचा आणि पिवळा रंग ४१२ नॅनोमीटरवर वाचायचा. डीटीएनबीची कोरडी भुकटी उन्हाळ्यातला प्रवास सहज सोसते. ही पद्धत खरे तर प्रथिनांव्यतिरिक्तचे सगळे थायॉल (गंधकयुक्त संयुगे) मोजते, पण यकृतात त्यांतला फार मोठा वाटा ग्लुटाथायॉनचाच असल्याने तुलनात्मक अभ्यासाला ती पुरते. ऑक्सिडीकृत रूप, म्हणजे जीएसएसजी, वेगळे मोजायचे असेल तर मात्र टीत्झे पद्धतीला पर्याय नाही, आणि त्यात २-व्हिनिलपिरिडिन घालून मोकळे ग्लुटाथायॉन आधी बांधून टाकावे लागते. ज्यांचा शोधप्रबंध या दोहोंच्या गुणोत्तरावर उभा आहे त्यांनी किट थंडीच्या दिवसांतच मागवावे.

इथे एक बारकावा सांगितलाच पाहिजे. किटचे माहितीपत्रक ऊतक आधी बफरमध्ये कुटायला आणि नंतर आम्ल घालायला सांगते. यकृताच्या बाबतीत बर्फावर वेगाने काम केले तर हे चालते. मूत्रपिंडात गॅमा-ग्लुटामिल ट्रान्सपेप्टिडेझ हे विकर भरपूर असते आणि ते ग्लुटाथायॉन तोडत राहते, म्हणून मूत्रपिंड थेट थंड मेटाफॉस्फोरिक किंवा सल्फोसॅलिसिलिक आम्लातच कुटावे. बकऱ्याच्या मूत्रपिंडाच्या दोन अर्ध्या तुकड्यांवर आम्ही दोन्ही प्रकार करून पाहिले. बफरमध्ये काही वेळ राहिलेल्या अर्ध्या भागाचा पिवळा रंग डोळ्यांना दिसण्याइतका फिका होता.

एसओडीच्या भागाने आमचे मन जिंकले. १९६९ मध्ये मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी या विकराचे कार्य दाखवले तेव्हापासून त्याच्या मोजणीचे तत्त्व एकच राहिले आहे: सुपरऑक्साइड तयार होत राहील अशी व्यवस्था करायची, त्याच्यामुळे रंग बदलणारे एखादे रसायन ठेवायचे, आणि नमुन्यातील एसओडी तो बदल किती रोखते ते पाहायचे. किटमध्ये झँथिन ऑक्सिडेझ सुपरऑक्साइड तयार करते आणि पाण्यात विरघळणारे टेट्राझोलियम क्षार त्यापासून पिवळसर केशरी रंग देते, जो ४५० नॅनोमीटरवर वाचतात. रंग तळाला बसत नाही, रीडिंग स्थिर राहते, आणि रोज नवे काही बनवावे लागत नाही. झँथिन ऑक्सिडेझची कुपी वापरण्यापूर्वी हलक्या हाताने उलटीपालटी करावी, कारण त्यात विकर तळाशी बसलेले असते. हे न केल्यास पहिल्या आणि शेवटच्या विहिरीत दोन वेगळ्या जगांची उत्तरे येतात. ही सूचना माहितीपत्रकात ठळक दिली आहे, त्याबद्दल कंपनीचे कौतुक केले पाहिजे. विशेष म्हणजे हा भागही त्याच कोमट डब्यातून आला होता आणि तरी त्याचा ब्लँक अपेक्षेप्रमाणे चालला.

याच्या तुलनेत मार्कलुंड आणि मार्कलुंड यांची १९७४ ची पायरोगॅलॉल पद्धत स्वस्त आहे, पण आमच्या हवामानात ती हट्टी होते. पायरोगॅलॉल पीएच ८.२ च्या ट्रिस बफरमध्ये आपोआप ऑक्सिडाइझ होते आणि ४२० नॅनोमीटरवरील रीडिंग मिनिटाला सुमारे ०.०२ ने वाढेल असे त्याचे प्रमाण ठेवतात. खोलीचे तापमान सकाळी २८ आणि दुपारी ४० अंश असेल तर तो वेग दिवसभर एकसारखा राहत नाही, आणि ट्रिस बफरचा पीएचही तापमानासोबत घसरतो. वातानुकूलित खोली नसेल तर ही मोजणी पहाटे उरकावी किंवा किट घ्यावे. दोन्ही पद्धतींत ५० टक्के अडथळा म्हणजे एक युनिट असे म्हटले जात असले तरी ते युनिट एकमेकांशी जुळत नाही. एका प्रबंधात पायरोगॅलॉलचे आणि दुसऱ्यात किटचे आकडे असतील तर त्यांची तुलना करू नये. तसेच अडथळ्याची टक्केवारी आणि विकराचे प्रमाण यांचा संबंध सरळ रेषेचा नसतो, म्हणून पातळ करण्याची चाचणी इथे वेगळ्या अर्थाने करावी लागते: होमोजिनेटच्या अनेक पातळ्या करून ज्या पातळीला अडथळा ५० टक्क्यांच्या आसपास येतो तीच धरावी. तांबे-जस्तयुक्त आणि मँगनीजयुक्त एसओडी वेगळे मोजण्यासाठी माहितीपत्रक पोटॅशियम सायनाइड वापरायला सांगते. पदवीच्या विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेत सायनाइड येऊ देऊ नये.

कॅटलेझच्या खोक्याविषयी थोडक्यात लिहितो. ते काम करते, पण त्याची गरज नाही. एबी यांच्या १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पद्धतीने पीएच ७ च्या ५० मिलिमोलर फॉस्फेट बफरमध्ये १० मिलिमोलर हायड्रोजन पेरॉक्साइड घेऊन २४० नॅनोमीटरवर त्याचा ऱ्हास मिनिटभर पाहिला की झाले. मोलर शोषण गुणांक ४३.६ धरला तर १० मिलिमोलर द्रावणाचे रीडिंग ०.४३६ यायला हवे. येत नसेल तर बाटलीतील पेरॉक्साइड उन्हाळ्याने उतरले आहे असे समजावे. यासाठी क्वार्ट्झचा क्युव्हेट हवा, काच आणि साधे प्लास्टिक २४० ला प्रकाश अडवतात. ज्यांच्याकडे अतिनील दिवा नसलेला जुना कलरीमीटरच आहे त्यांनी सिन्हा यांची १९७२ ची डायक्रोमेट-अ‍ॅसेटिक आम्ल पद्धत वापरावी. तिचा हिरवा रंग दृश्य प्रकाशात वाचता येतो.

चारही भागांची उत्तरे दर मिलिग्रॅम प्रथिनाला लिहायची असतात, आणि प्रथिने मोजण्याचे साहित्य या किटमध्ये नाही. ते वेगळे घ्यावे लागते हे मागणी नोंदवताना कोणी सांगत नाही. लाउरी यांची १९५१ ची किंवा ब्रॅडफर्ड यांची १९७६ ची पद्धत नेहमीच्या कामाची आहे, परंतु बफरमध्ये एसडीएससारखा डिटर्जंट असेल तर ब्रॅडफर्ड बिघडते आणि डीटीटी किंवा मर्कॅप्टोइथेनॉलसारखे थायॉल असेल तर लाउरी बिघडते. बफरची यादीच दिलेली नसल्याने कोणती वापरावी हा प्रश्न पुन्हा तिथेच येऊन थांबतो. आम्ही शेवटी किटचा बफर बाजूला ठेवून साध्या फॉस्फेट बफरात कुटलेल्या होमोजिनेटवर एसओडीचा भाग चालवला, आणि दोन्ही बफरांतील उत्तरे जवळपास सारखी आल्यावरच पुढे गेलो.

आता ज्या मुद्द्यासाठी हे परीक्षण लिहायला घेतले तो मुद्दा. किटचे माहितीपत्रक ‘ताजे किंवा उणे ८० अंशांवर साठवलेले ऊतक घ्यावे’ या एका ओळीने सुरू होते, आणि आमच्या कामाचे यशापयश त्या ओळीच्या आधीच ठरते. एकाच यकृताचा एक तुकडा बर्फावर लगेच कुटला आणि दुसरा मे महिन्याच्या दुपारी टेबलावर तासभर ठेवून मग कुटला, तर दुसऱ्यात एमडीए स्पष्टपणे वाढलेला आणि ग्लुटाथायॉन घटलेले दिसले. एमडीएची वाढ किटनेही दाखवली आणि हाताने केलेल्या पद्धतीनेही; ग्लुटाथायॉनची घट हाताच्या पद्धतीने दिसली. म्हणजे त्या तासात तुकड्याला कोणतेही कीटकनाशक न लावता आम्ही कीटकनाशकाचा परिणाम दाखवून बसलो असतो. माशांच्या मेदात बहुअसंतृप्त मेदाम्ले भरपूर असल्याने तिथे हा धोका आणखी मोठा आहे.

त्यामुळे तलावावर जाताना काय नेतो ते सांगणे किटच्या वर्णनाइतकेच महत्त्वाचे वाटते. मच्छीमार सहकारी संस्थेचे ढीवर बांधव पहाटे जाळे ओढतात, त्या वेळी तलावाच्या पाळीवरच मासा उघडून यकृत आणि कल्ले काढतो. थंड सलाइनमध्ये ते रक्त निघून जाईपर्यंत धुतो, कारण तांबड्या पेशींमध्ये कॅटलेझ भरपूर असते आणि हिमोग्लोबिन एमडीएच्या रंगात मिसळते. कल्ले तर रक्तानेच भरलेले असतात, ते पाणी गुलाबी येणे थांबेपर्यंत धुवावे लागतात. मग गाळणकागदावर टिपून, छोट्या कुपीत घालून, कुपीला दोरा बांधून थेट द्रव नायट्रोजनमध्ये सोडतो. हा द्रव नायट्रोजन तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून मिळाला. कृत्रिम रेतनाच्या कांड्या साठवण्यासाठी तिथे त्याचा पुरवठा नियमित असतो, आणि प्राचार्यांच्या पत्रावर त्यांनी आमच्या लहान जारमध्ये तो भरून दिला. उणे १९६ अंशांचे हे साधन विदर्भातल्या बहुतेक तालुक्यांत उपलब्ध आहे आणि महाविद्यालयांना त्याची कल्पनाच नाही, याचे मला वाईट वाटते. जार गाडीच्या बंद डब्यात कधीही ठेवू नये, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, आणि त्याचे बूच घट्ट लावू नये, कारण वायू बाहेर पडायला वाट हवी.

साध्या डीप फ्रीझरवर विसंबणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की भारनियमनात नमुना वितळून पुन्हा गोठला की ग्लुटाथायॉनची मोजणी सोडून द्यावी. विकरांना एखादे वितळणे झेपते, ग्लुटाथायॉनला झेपत नाही.

खर्चाचा विचार करताना ९६ या आकड्याला भुलू नये. विहिरीत एकूण २०० मायक्रोलिटर द्रव लागतो आणि १ मिलिलिटरच्या क्युव्हेटला त्याच्या पाचपट. म्हणजे प्लेट रीडर नसलेल्या प्रयोगशाळेत एका खोक्यातून साधारण १९ वाचने होतात. त्यांतून ब्लँक, स्टँडर्डची मालिका आणि प्रत्येक नमुन्याची दुसरी प्रत वजा केली तर चार-पाच मासेच हाती राहतात. अर्ध-सूक्ष्म क्युव्हेट घेतला तर हे प्रमाण सुधारते, आणि एसओडीच्या भागासाठी तो घ्यावाच. उलट २५ ग्रॅम थायोबार्बिट्युरिक आम्लाची आणि काही ग्रॅम डीटीएनबीची बाटली एका विद्यार्थ्याचे संपूर्ण संशोधन पार पाडून पुढच्या तुकडीला उरते.

विक्रीनंतरच्या सेवेबद्दल समाधान आणि नाराजी दोन्ही आहे. फोनवर बोललेल्या तांत्रिक प्रतिनिधींना पद्धतीची चांगली जाण होती, त्यांनी आमची स्टँडर्डची रीडिंग मागवून घेतली आणि कुपी खराब झाल्याचे लगेच मान्य केले. बफरमध्ये काय आहे हे मात्र त्यांनाही सांगण्याची परवानगी नव्हती. बदली माल पाठवण्याची तयारी दाखवताना त्यांनी पार्सल उघडतानाचे छायाचित्र मागितले, जे आमच्याकडे नव्हते; म्हणून मागवणाऱ्यांनी डबा उघडण्यापूर्वीच फोटो काढून ठेवावेत, जेलच्या पिशव्यांमध्ये थर्मामीटर खोचून त्याचेही छायाचित्र घ्यावे. मागणी नोव्हेंबर ते जानेवारी या काळात द्यावी, पार्सल सोमवारी निघेल अशी अट लेखी घालावी, आणि शक्य असेल तर नागपूरला जाणाऱ्या कोणाकडून तरी बर्फाच्या डब्यात स्वतःच मागवून घ्यावे. एसओडीचे खोके पुरवठादार सुटे देतात, पण संकेतस्थळावर फक्त चारांचा संच दिसतो. सुटा दर फोन करून विचारावा लागतो.